डाळ शिजेपर्यंत

आमचे साहेब तपासणीला निघाले की शिपाई रिक्षात दोन पिशव्या ठेवायचा. एकीत पाण्याचे नमुने घ्यायच्या काचेच्या बाटल्या, दुसरीत तुरीची डाळ. बाटल्या सरकारी, डाळ साहेबांच्या घरची. मी नोकरीला नवीन लागले तेव्हा मला वाटलं, किराणा घेऊन घरी जात असतील बापडे. पण पिशवी जाताना भरलेली असायची आणि येताना रिकामी. हा उलटा किराणा मला काही कळेना.

सत्तरच्या दशकातली गोष्ट सांगते आहे. पाण्याचा नवा कायदा नुकताच आला होता आणि आमचं नागपूर चहूबाजूंनी पसरायला लागलं होतं. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वावरं मोडून प्लॉटांचे लेआउट पडत होते. नवी वस्ती बसवायची असो की कारखाना टाकायचा असो, त्याच्या सांडपाण्यानं कोणाचं पाणी नासणार नाही असा दाखला आमच्या ऑफिसातून घ्यावा लागे, आणि तो साहेबांच्या सहीनं निघे. मी बी.एस्सी. होऊन तिथल्या प्रयोगशाळेत लागले होते. प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, एक नळ आणि मी.

साहेब काटोलकडच्या शेतकरी घरातले. इंग्रजीत फर्डा मसुदा लिहायचे, पण बोलायला लागले की थेट वावरातून आल्यासारखे. अंगात नेहमी पांढरा बुशशर्ट, आणि त्यावर वरणाचा एक तरी पिवळा डाग. तो का असतो हे मला महिनाभरात कळलं.

त्यांची पहिली खोड नकाशाची. आर्किटेक्ट लोक मोठमोठे निळे नकाशे घेऊन यायचे. साहेब नकाशा टेबलावर पसरायचे आणि आधी तो फिरवायचे. उत्तर कुठे नि दक्षिण कुठे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. जमिनीचा उतार आपल्या पोटाकडे आला पाहिजे, एवढंच. मग नकाशाची चौकट जिथं संपते त्याच्या खालच्या कोऱ्या कागदावर बोट ठेवून विचारायचे, "इथं कोण राहते?"

"तिथं काही नाही साहेब. ती आमची हद्द नाही."

"तुमची हद्द नाही, ते दिसून राहिलं मले. पण पाण्याले सांगितलं का तुमी, इथं थांब म्हणून?"

आर्किटेक्ट हसायचा. साहेब हसायचे नाहीत.

दुसरी खोड रिक्षाची. ऑफिसची जीप बारमाही आजारी, म्हणून आम्ही सायकलरिक्षानं जायचो. चढ लागला की साहेब टुणकन उतरायचे आणि मलाही उतरवायचे. रिक्षावाल्याची दया म्हणून नव्हे, चढ पायाला कळावा म्हणून. भर उन्हात पदर डोक्यावर घेऊन मी साहेबांच्या मागून बाटल्या सांभाळत चालले आहे आणि रिकामी रिक्षा पुढे डुलत चालली आहे, असं दृश्य त्या वेळी पुष्कळांनी पाहिलं असेल. मी मनात फार चडफडायची. आता आठवलं की त्या उन्हाचंही बरं वाटतं.

तिसरी खोड म्हणजे ती डाळ. नकाशाखालच्या कोऱ्या कागदावर जे कोणी राहत असेल त्याच्या घरी साहेब जेवायला जायचे. जायच्या आधी निरोप पाठवायचे, अमक्या दिवशी येतो म्हणून. अचानक छापा घालणं त्यांना मंजूर नव्हतं. "आपल्याले काय चोराच्या घरी जायचं हाय का?" म्हणायचे. घरात शिरले की चपला बाहेर, पिशवी घरातल्या बाईच्या हातात. "माय, आज तुझ्या घरी जेवतो. डाळ माझी, पाणी तुझं."

आता जड पाण्यात डाळ शिजत नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तेवढ्यासाठी सरकारनं साहेबांना पगार द्यायची गरज नव्हती. मी एकदा तसं बोलून दाखवलं. साहेब म्हणाले, "अवं पोरी, चहापुरतं बसलं तर लोक चांगलं तेवढं सांगतात. डाळ शिजेपर्यंत बसलं तर बाकीचंही सांगतात."

आणि सांगायचे. कोणाच्या पोराला कावीळ झाली होती, पावसाळ्यात पाणी कुठून आत शिरतं, कोणाचं ढोर नाल्यावर काय पिऊन मेलं. साहेब पाटावर बसून लसूण सोलत ऐकायचे. हो, लसूण सोलायचे. बायांना आधी लाज वाटायची, मग त्या भाजीही पुढ्यात टाकायच्या. सरकारी अधिकारी गवारीच्या शेंगा मोडतो आहे नि बाई चुलीशी बसून सासूची गाऱ्हाणी सांगते आहे, आणि त्या गाऱ्हाण्यातून साहेबांना हवी असलेली विहीर बरोबर वर येते आहे. मला हेवा वाटायचा त्यांचा. आमच्या घरी पुरुषांसमोर बाया एवढं बोलत नसत.

ऑफिसात साहेबांच्या मागे त्यांना डाळसाहेब म्हणत. त्यांचं मूल म्हणे पटकीनं गेलं, तेव्हापासून पाण्याचं हे वेड लागलं, अशी एक करुण कहाणीही शिपायानं मला सांगितली. मी दोन दिवस हळहळले आणि तिसऱ्या दिवशी धीर करून विचारलं. साहेब म्हणाले, "मले मूल झालंच नाही वं. मले वरण आवडते. घरी बायको दोन्ही वेळा पालेभाजी करते."

गांधीबागेतल्या एका कापडवाल्यानं लेआउट टाकला होता. त्यानं साहेबांसाठी बर्फीचा डबा आणला. मला वाटलं, आता साहेब त्याला हाकलतात. छे. त्यांनी डबा उघडला, वास घेतला आणि प्रेमानं विचारलं, "खवा कुठला?"

"आपल्याच माणसाचा साहेब, मौद्याकडचा. एकदम असली."

"म्हशी कुठं पाणी पितात त्याच्या?"

"जी?"

"नदीवर पितात का विहिरीवर? नदीवर असतील तर घाटाच्या वर का खाली?"

बिचारा कापडवाला अर्धा तास मौद्याच्या म्हशींची उत्तरं देत घामाघूम झाला. शेवटी डबा उचलून म्हणाला, साहेब, हा मी परतच घेऊन जातो. "न्या. अन् येताना तुमच्या लेआउटच्या खाली कोण राहते ते विचारून या," साहेब म्हणाले.

असा माणूस. आणि अशा माणसाच्या टेबलावर एक दिवस माझ्या बाबांच्या घराची फाईल आली.

बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. उभा जन्म महाल भागातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत काढलेला. घरमालक जिन्यातला दिवा आठ वाजता बंद करायचा आणि बाबा अंधारात चाचपडत वर यायचे, पण एक शब्द बोलायचे नाहीत. त्यांच्यासारख्याच कारकुनांनी मिळून सोसायटी काढली, शहराबाहेर मुरमाड जमीन घेतली आणि चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले. बाबांना सगळ्यांत खालच्या ओळीतला प्लॉट लागला. ते दर रविवारी तिथं जायचे. चुन्याच्या फक्कीनं त्यांनी जमिनीवर खोल्या आखल्या होत्या. मला एकदा नेलं तर मी सरळ चालत गेले, तसे बाबा ओरडले, "अवं भिंतीतून काहून जातं? दरवाजा इकडून हाय." मी मागे फिरून दरवाज्यातून आत गेले. त्या दिवशी बाबा जितके सुखात दिसले तितके मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

त्या भागात गटार नव्हतं. प्रत्येक घराची संडासाची टाकी आणि तिचा शोषखड्डा, सगळं पाणी जमिनीत जिरणार. साहेबांनी नकाशा फिरवला. मी लगेच सांगून टाकलं, "साहेब, यात माझ्या बाबांचा प्लॉट आहे."

"कोणता?"

मी बोट ठेवलं. त्यांच्या पोटाच्या अगदी जवळची ओळ होती ती. साहेब बराच वेळ माझ्या बोटाकडे पाहत राहिले. प्रयोगशाळेत दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ही फाईल दुसऱ्याला देऊ असंही म्हणायची सोय नव्हती. "मग असं कर," ते म्हणाले, "हरेक बाटलीचं पाणी आपण अर्धं-अर्धं करू. अर्धं तू तपास, अर्धं मी तपासतो."

कोऱ्या कागदावर एक भाजीवाली बाई राहत होती. नवरा वारलेला, एक लेक लग्नाची. विहिरीवर पालक आणि सांबार लावायची, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि डोक्यावर पाटी घेऊन शहरात विकायची. तिची आणि आजूबाजूच्या पाच-सहा घरांची पिण्याची विहीर तीच. आम्ही निरोप पाठवून गेलो. तिनं अंगण सारवून ठेवलं होतं.

साहेबांनी डाळ दिली, लसूण सोलायला घेतला. मी बाटली घेऊन विहिरीकडे निघाले तर तिनं ती माझ्या हातातून काढूनच घेतली. "काठ ढासळला हाय जी बाई. परक्याची पोर तुमी, इहिरीत काहून वाकता? मी भरून आनतो." घरामागे गेली आणि भरलेली बाटली घेऊन आली. इतकं निर्मळ पाणी, मी पाहतच राहिले. डाळही अशी शिजली की रवी लावायची गरज नाही. साहेब तीन वेळा वरण मागून जेवले.

मग साहेबांनी त्यांची परीक्षा मांडली. सोसायटीच्या जमिनीत, खालच्या ओळीतच, एक खड्डा खणवला. त्यात खडेमिठाची पोती ओतली आणि टँकरनं पाणी सोडलं. मीठ कोणाला अपाय करत नाही आणि जमिनीत लपतही नाही. ते पाणी विहिरीपर्यंत पोचलं तर विहिरीतलं मीठ वाढणार, आणि मीठ पोचलं तर पुढे संडासाचंही पोचणार. नाही पोचलं तर बाबांचं घर होणार. एवढा साधा हिशेब होता.

दर काही दिवसांनी आम्ही निरोप पाठवून जायचो, वरण जेवायचो आणि बाटली घेऊन यायचो. बाटलीतल्या पाण्यात आधी एक पिवळं औषध घालायचं, मग उभ्या नळीच्या तोटीतून चांदीचं द्रावण थेंब-थेंब टाकायचं. पिवळं पाणी विटकरी झालं की थांबायचं. मीठ जितकं जास्त असेल तितके थेंब जास्त लागतात. माझे थेंब वाढत नव्हते. साहेबांचेही नव्हते. मी देवाला हात जोडायची नाही कधी, पण त्या दिवसांत येता-जाता गणपतीच्या देवळाकडे पाहायची. घरी बाबा विचारायचे नाहीत. मी चप्पल काढेपर्यंत माझ्या तोंडाकडे पाहायचे आणि मग पेपरात डोकं घालायचे.

शेवटच्या फेरीला गंमत झाली. ऑफिसची जीप अचानक बरी झाली आणि आम्ही ठरल्या वेळेच्या पुष्कळ आधी पोचलो. घर बंद. डांबरी रस्त्याच्या बाजूनं ती बाई येताना दिसली, डोक्यावर दोन गुंड, म्हणजे पितळी हंडे, कडेवर कळशी, उन्हानं तोंड लालेलाल. आम्हाला पाहून एकदम ओशाळली.

"कुठून येऊन राहिली माय?" साहेबांनी विचारलं.

"नाक्यावरच्या नळावरून जी."

"घरी विहीर हाय नं?"

"हाय. पन तुमी येनार होते नं आज."

साहेबांना कळलं नाही. मला तर मुळीच नाही. तिनं गुंड उतरवले, पदरानं तोंड पुसलं आणि आम्हालाच समजावून सांगितलं. विहिरीचं पाणी जड. त्यात डाळ शिजत नाही, दाताखाली येते. पाहुण्याला ते कसं वाढायचं? म्हणून निरोप आला की ती नाक्यावर जायची.

"अन् बाटलीत?" साहेबांचा आवाज बारीक झाला होता.

"तेबी नळाचंच. तुमी ते मोठ्या हापिसात चार लोकात ठेवनार. माझ्या इहिरीले कोनी नाव ठेवलं असतं मंग. लेकीचं लगन व्हायचं हाय माह्या."

पोरगी दाखवताना शेजारणीचं लुगडं नेसवावं, तसं केलं होतं तिनं. त्यात तिला काही चुकलं असं वाटतच नव्हतं. वाटावं तरी कशाला? आमच्याकडे पाहुणा आला की हीच रीत आहे. माझ्या आईनंही हेच केलं असतं.

साहेब अंगणात खाटेवर बसले. डाळीची पिशवी मांडीवर. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतकी वर्षं मी लोकांचं पाणी तपासून राहिलो वं. अन् लोक मले पाहुण्याचं पाणी पाजून राहिले." किती घरी जेवलो, कोणाकोणाच्या वरणाला नावाजलं, ते त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावं. निरोप पाठवायचा सभ्यपणाच त्यांच्या आड आला होता. मला त्यांची इतकी दया आली की मी उगाच बाटल्यांची बुचं पुसत बसले.

त्या दिवशी साहेबांनी स्वतः वाकून विहिरीचं पाणी काढलं. "आज यात शिजव माय," म्हणाले. डाळ शिजली नाही. आम्ही ती तशीच कचकच चावून खाल्ली, आणि ती बाई सारखी म्हणत होती, नका जी खाऊ, पोट दुखीन.

ऑफिसात परतल्यावर मी बाटलीचं पाणी दोन भांड्यांत वाटायला घेतलं. साहेबांनी माझा हात धरला. "आज राहू दे. मी एकटाच करतो. तुले घरी जाऊन बापाच्या तोंडाकडे पाहायचं हाय."

"नाही साहेब," मी म्हटलं. "बाबांनी विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे."

दोघं शेजारी उभे राहिलो. थेंब पडत राहिले. पाणी पिवळंच. मी तोटी हळू केली, जणू हळू टाकले म्हणजे थेंब कमी लागतील. विटकरी रंग यायला नेहमीच्या कितीतरी पट वेळ लागला. माझं झाल्यावर पाहिलं तर साहेबांचं केव्हाच झालेलं होतं. ते बोलले नव्हते, माझ्यासाठी थांबले होते. खारेपणा त्या भागातल्या विहिरींना असतोच, म्हणून आम्ही वरच्या अंगाच्या एका विहिरीचंही पाणी आणून पाहिलं, पुन्हा-पुन्हा पाहिलं. संशयाला जागा उरली नाही. आमचं मीठ विहिरीत पोचलं होतं.

साहेबांनी वरच्या ओळींना दाखला दिला. खालच्या दोन ओळी मोकळ्या ठेवायच्या, तिथं घर नाही. सोसायटी पैसे परत करणार होती, पण तोवर जमिनी अशा महागल्या होत्या की त्या पैशात बाबांना दुसरीकडे प्लॉट मिळण्यातला नव्हता. मी घरी काही बोलले नाही. सही झाली तो शनिवार होता. संध्याकाळी आमच्या जिन्यात जड पावलं वाजली आणि दारात साहेब उभे.

बाबा गडबडून उठले. साहेब स्वतः घरी आले म्हणजे काम झालं, असंच त्यांना वाटलं. त्यांनी खुर्ची पुढे केली, आईला चहा टाकायला सांगितलं. साहेब बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं, विहिरीचं, मिठाचं, ओळींचं. चष्मा काढून हातात धरला होता, नि तो पुन्हा लावायचं त्यांना सुचत नव्हतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू पाहिलं?"

"हो बाबा. पाहिलं मी."

बाबा खाली बसले. स्वयंपाकघरात आई उभी होती, तिच्या हातातला पळा तसाच राहिला. मला रडू येत होतं आणि साहेबांसमोर रडायचं नव्हतं.

"पण जी साहेब," बाबा थोड्या वेळानं म्हणाले, "ती विहीर तर गोड हाय. मी दर रविवारी जातो नं तिथं. दुपारी त्या बाईच्या अंगणात टेकतो. ती तांब्याभर पाणी देते. घरी येऊन मीच हिले सांगितलं, आपल्या प्लॉटाखालची विहीर अमृतासारखी हाय म्हणून."

साहेब चष्म्याच्या काड्या उघडत-मिटत राहिले. सांगायचं माझ्यावर आलं. मी म्हटलं, "बाबा, ते नळाचं असेल. पाहुण्यासाठी ती नाक्यावरून आणून ठेवते."

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना ते उमगायला वेळ लागला. "म्हणजे मले पाजायले ती बाई डोक्यावर पाणी वाहायची?" ते म्हणाले. "अन् मी तिच्या डोक्यावर संडास बांधून राहिलो होतो."

खाली रस्त्यावरून टांगा गेला. मग बाबा उठले, साहेबांच्या हातातून चष्मा घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत दिला.

"साहेबांचं ताट वाढ वं," आईला म्हणाले.

"नको," साहेब म्हणाले. "अर्जदाराच्या घरी मी जेवत नाही."

"अर्ज तर संपला जी आमचा. आता कायचं?"

आईनं दोघांची ताटं मांडली. साहेबांनी वरणभात कालवला, पण घास काही उचलेनात. बाबाच त्यांच्या भातावर तूप वाढत म्हणाले, "उद्या रविवार हाय. सकाळीच जाऊन त्या बाईले सांगून येतो, मी आता येणार नाही म्हणून. नाहीतर बिचारी उगाच नळावर जाईन माझ्यासाठी."

साहेबांनी मान खाली घातली. बुशशर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाले, "थांबा, मीही येतो. माझ्यासाठीही जात असंन ती."